जुन्या पट्टीवरचा आवाज

माझं काम ऐकण्याचं. हे सांगितलं की लोकांना हसू येतं. "म्हणजे दिवसभर कानाला लावून बसायचं? मजा आहे बुवा!" मजा! एकदा येऊन बसा म्हणावं माझ्या खुर्चीत. चार तास नुसता वारा ऐका आणि मग मला मजेचा अर्थ शिकवा.

आमच्याकडे एक मोठं गवताळ रान आहे, राखीव. भोवती कुंपण, कुंपणाला एकच फाटक, आणि आत ठिकठिकाणी खांबांवर बारा पेट्या. या पेट्यांना डोळे नाहीत, नुसते कान आहेत. रानात जे वाजेल ते त्या टिपून घेतात, आणि आदल्या पहाटेचं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मशीनवर येऊन पडतं. मी ते ऐकायचं आणि दर दहा मिनिटांच्या तुकड्यापुढे एक अक्षर लिहायचं. पक्षी असेल तर 'प'. जनावर असेल तर 'ज'. वारा असेल तर 'व'. आणि माणूस असेल तर 'म'. 'म' लिहिलं की साहेबांच्या फोनवर घंटी वाजते, गाडी सुटते, आणि पुढे पंचनामा, गुन्हा, सगळं रीतसर. कुणी गवत चोरायला घुसतं, कुणी मोटारसायकली उडवायला, कुणी घरट्याचे फोटो काढायला. चार वर्षांत माझ्या 'म'ने पन्नासेक जणांना बाहेर काढलंय. तोंडाने मी फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण कानाने त्याहून तिखट आहे.

माझी खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दोन भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. त्यामुळे आत आलेला माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा. एक टेबल, एक मशीन, एक खिडकी, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. मी दार लावते, कानावर ते जड यंत्र चढवते आणि डोळे मिटते. मग खोली उरत नाही. गवत माझ्या गुडघ्यांना लागतं, दव पायात शिरतं, आणि लांबून कुठूनतरी उजाडायला लागतं. खुर्चीत बसल्या बसल्या मी चालत असते. याला पगार मिळतो हे खरं, पण हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

आणि त्यात 'कडीवाला' ओरडतो. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, ते साहेबांना पाठ आहे. आम्ही त्याला कडीवाला म्हणतो, कारण त्याचा आवाज जुन्या दाराची कडी कुणी हळूच काढावी तसा. पहाटे एक ओरडतो, मग दुसरा, मग पलीकडचा. वाटतं, त्या सगळ्या माळावर दारंच दारं आहेत आणि कुणीतरी एकेक उघडत चाललंय. हा पक्षी जमिनीवरच, गवताच्या बुडाशी अंडी घालतो. साऱ्या रानात मिळून अकरा जोड्या उरल्यात. म्हणून अंड्यांच्या तीन महिन्यांत रान बंद. साहेबांनासुद्धा लेखी परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. यंदा दोन जोड्या सात नंबरच्या पेटीजवळ बसल्या होत्या, एकमेकींपासून पंधरा पावलांवर.

तर मंगळवारची गोष्ट. सात नंबर लावलं होतं. कडी निघाली, दुसरी निघाली, आणि मग फार लांबून दुसराच आवाज आला. खस्स, खस्स, टक्. पुन्हा खस्स, खस्स, टक्.

विळा! हे कळायला मला एक क्षणही लागला नाही. कुणीतरी गवत कापत होतं. बोट 'म'वर गेलंसुद्धा. पण बोट तिथेच राहिलं, कारण तो 'टक्' मला ओळखीचा होता. दोनदा कापायचं आणि विळ्याला चिकटलेलं गवत झटकायला तो बुटाच्या टाचेवर आपटायचा, ही खोड सगळ्या जगात एकाच माणसाची. आणि त्या माणसाला मी तासाभरापूर्वी घरून निघताना विचारून आले होते, "बाबा, स्वेटर घातलात ना?"

बाबा या रानाचे रक्षक होते. छत्तीस वर्षं. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. साहेब नवे होते तेव्हा बाबांनीच त्यांना ठसे वाचायला शिकवलं, म्हणून साहेब अजून त्यांना 'काका' म्हणतात. काका कसले, वाघ होते. माझ्या सख्ख्या मामाने एकदा रानातून सरपणाची मोळी आणली तर बाबांनी मेव्हण्यावर गुन्हा नोंदवला. आई दीड महिना बाबांशी बोलली नाही. बाबा म्हणाले, "तू बोलू नकोस, पण मोळी परत जाईल." गेली.

गेल्या वर्षापासून मात्र ते विझत चाललेत. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय; नाव दिल्याने काय होतं? आधी किल्ल्या विसरले, मग दिवस, मग माणसं. आता घरी बोलतच नाहीत. बोलले तर माझ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणतात, "अहो बाई, थोडं पाणी मिळेल का?" मी पाणी देते आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते. आई म्हणते, "आपटून काय होणार? पोचे मलाच दिसतात." पहाटे ते फिरायला जातात, बसस्टॉपच्या बाकावर बसतात आणि आठला परत येतात. म्हणजे आम्ही दोघी तसं समजून चाललो होतो.

मी आवाज वाढवला. खस्स, खस्स, टक्. आणि मग बाबा बोलले.

"ए, डावीकडचे! पुढे पळू नका रे, रांग धरा. पाणी प्यायचंय? ही ओळ होऊ दे, मग सगळेच पिऊ."

खणखणीत आवाज. वर्षभरात मी ऐकला नव्हता असा. ते आपल्या जुन्या टोळीशी बोलत होते. त्या टोळीतली निम्मी माणसं आता या जगात नाहीत. उन्हाळ्याआधी रानात गवत कापून लांबच लांब मोकळी पट्टी ठेवतात, वणवा लागलाच तर तो ओलांडून जाऊ नये म्हणून. सात नंबरजवळ बाबांची अशी एक पट्टी होती, दीडशे पावलांची. ते निवृत्त झाल्यावर पट्टी दुसरीकडे नेली, जुनीवर गवत वाढू दिलं, आणि त्या वाढलेल्या गवतात कडीवाले आले. बाबा ही पट्टी साफ करत होते. उन्हाळा तोंडावर आला आणि पट्टी अजून काढली नाही, या काळजीने ते ओढ्याच्या मोरीतून कुंपणाखालून शिरले असणार. ती वाट त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक?

आणि मग, शेवटच्या तुकड्यात, आवाज एकदम मऊ झाला. "चिंगे, मागे राहू नको. माझ्या पावलावर पाऊल टाक. सापाला काय भ्यायचं? तोच आपल्याला भितो."

चिंगी मी. सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत त्यांच्यामागे मागे जायची, तेव्हाची. बाबा त्या धुक्यात एकटे होते आणि मी त्यांच्या मागे होते. मी डोळे उघडले. गाद्या, टेबल, टाकी. पुन्हा मिटले आणि तो तुकडा तीनदा ऐकला.

मग मी 'व' लिहिलं. वारा.

स्वतःला समजावायला माणसाला वकील लागत नाही. मी हिशेब केला: आवाज पट्टीच्या पार त्या टोकाचा आहे, घरटी या टोकाला. म्हातारा माणूस, दिवसाला पंचवीसेक पावलं कापेल. म्हणजे घरट्यांना अजून वेळ आहे. आज संध्याकाळी घराच्या दाराला कुलूप घालू, विळा लपवू, संपलं. 'म' लिहिलं तर गाडी जाणार, आताचा रक्षक त्यांच्या दंडाला धरणार, ज्या फाटकावर ते छत्तीस वर्षं ताठ उभे राहिले तिथून त्यांना आरोपी म्हणून बाहेर आणणार. हे मी करू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

संध्याकाळी बाबा खिडकीशी बसले होते. आई त्यांच्या मोज्यांतली कुसळं उपटत होती. "काय गं, बसस्टॉपच्या बाकावर कुसळं उगवायला लागली की काय?" मी म्हटलं, "रस्त्याच्या कडेला गवत वाढलंय." आईने माझ्याकडे पाहिलं. तिला खोटं बोललेलं कळतं, पण कधी विचारायचं नाही हेही कळतं.

मी बाबांशेजारी बसले. "बाबा, आज टोळीत कोण कोण होतं?" ते अदबीने हसले आणि म्हणाले, "आपण कोणाकडे आलात?"

रात्री निजायच्या आधी कुलूप हातात घेतलं होतं. दारापाशी उभी राहिले. कुलूप घातलं तर उद्या ते जाणार नाहीत. आणि ते गेले नाहीत तर परवा सकाळी माझ्या मशीनवर नुसता वारा येईल. खरं सांगते, लपवून काय करू? मी कुलूप परत खिळ्याला अडकवलं, ते पक्ष्यांना विसरून नव्हे. मला पुन्हा ऐकायचं होतं म्हणून.

बुधवारी मी साडेसहालाच ऑफिसात. फाटकावरच्या शिडीने घड्याळ पाहिलं. शिडी म्हणजे आमचा आताचा रक्षक. उंचीमुळे नाव पडलं. "काय ताई, सूर्य कुठून उगवला?" "तुझ्या डोक्यावरून, तेवढाच उंच डोंगर आहे इथे," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी बाबा गवताची नावं सांगत होते. कुठलं गुरं खातात, कुठलं नाही, कुठल्याचं बी मोज्याला धरतं. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचे, आणि त्या थांबण्यात मी, चिंगी, ते नाव मागोमाग म्हणत असणार. मी म्हटलंही. त्या बंद खोलीत, डोळे मिटून, चाळीस वर्षांची बाई पुटपुटत होती. कापणं पुढे सरकलं होतं, पण आवाज अजून लांबचाच होता. 'व'.

गुरुवारी ते गात होते. बाबा गातात हे मला माहीतच नव्हतं. धड सूर नाही, शब्दही अर्धे, पण प्रत्येक ओळीचा शेवट त्या 'टक्'वर बरोबर येत होता. मधूनच कडीवाला ओरडायचा आणि बाबा गाणं थांबवायचे, तो संपला की पुढे. मला वाटलं, हे दोघं एकमेकांना जागा करून देतायत. इतकं सुख मला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. आणि असल्या सुखात माणूस गाढव होतो. मोजलं: तीन दिवस, पंच्याहत्तर पावलं. म्हटलं, अजून एक दिवस. उद्या ऐकते आणि उद्या रात्री कुलूप. त्याही तुकड्यापुढे 'व' लिहिलं आणि टाकीवर बसलेल्या कावळ्याकडे बघत राहिले.

शुक्रवारीही साडेसहालाच येऊन सात नंबर लावलं. लांबवर काहीच नाही. खस्स नाही, टक् नाही. आधी हायसं वाटलं, मग लगेच भीती: काल गेलेच नाहीत की काय? आजारी पडले? पण नाही, काल पहाटे दाराचा आवाज मी स्वतः ऐकला होता.

कडीवाला ओरडला, पेटीला लागून. एकदा. पुन्हा एकदा.

खस्स!

माझ्या कानातच. मी खुर्चीवरून उठले. खस्स, टक्. खस्स, खस्स, आणि मग पंखांची फडफड, कडीचा आवाज उलटा, चिरका, कुणीतरी दार ओढून धरल्यासारखा, आणि मग काहीतरी बारीक फुटलं. त्यानंतर पक्षी बोलला नाही. बाबाही बोलले नाहीत. नुसता विळा चालत राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो कधी पडावा? अर्धी पट्टी झाली की टोळी दुसऱ्या टोकाला जाते. मग तिकडून कापत मध्ये येते. काम अर्धवट राहिलं तरी दोन्ही टोकं मोकळी असावीत, वणव्याला वळसा घालायला जागा राहू नये, म्हणून. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, मागे मागे चालताना. पंच्याहत्तर पावलं म्हणजे अर्धी पट्टी. मी मोजत बसले होते आणि एवढं साधं विसरले. विसरायचा रोग घरात एकालाच आहे असं मी उगाच समजत होते.

हे कालचं होतं. कालचं घरटं गेलं होतं. पण दुसरं पंधरा पावलांवर होतं, आणि आता पावणेसात वाजले होते, आणि बाबा आत्ता तिथे होते.

मी 'म' लिहिलं. मग मागे गेले आणि मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही 'व' पुसून 'म' केले. साहेबांच्या फोनवर चार घंट्या एकापाठोपाठ वाजल्या असणार, कारण ते धावतच आले. "काय झालं? चार?"

"सात नंबर. माझे वडील आहेत. जुनी पट्टी कापतायत. एक घरटं गेलं. चला लवकर."

साहेबांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून तीन परवाने लिहिले, मला, शिडीला आणि स्वतःला. घाईतही लिहिले, हे त्यांचं मला आवडतं. वाटेत शिडी एकदाच पुटपुटला, "कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं." साहेबांनी आरशातून असं बघितलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला. मला राग आला नाही. खरं होतं ते, फक्त कुंपण कोण ते त्याला माहीत नव्हतं.

गाडी लांब ठेवून आम्ही पायी निघालो. धुकं कमरेपर्यंत होतं आणि वर ऊन. आमची तिघांची धडं तेवढी चालत होती, पाय कुठे होते देव जाणे. चार दिवस डोळे मिटून मी इथेच चालले होते, म्हणून पाय आपोआप वाट ओळखत होते. आणि मग ऐकू आलं, या वेळी कानाला काही न लावता. खस्स, खस्स, टक्.

बाबा पाठमोरे होते. स्वेटर घातला होता. डाव्या हातात त्यांचा उलट्या धारेचा विळा, खास डावखुऱ्यासाठी घडवून घेतलेला. आमची चाहूल लागताच ते गर्रकन वळले आणि हात आडवा केला.

"थांबा! कोण तुम्ही? रान बंद आहे. परवाना दाखवा."

साहेबांनी खिशातून तिन्ही कागद काढून पुढे धरले. बाबांनी ते लांब धरून एकेक वाचले, तारीख पाहिली, शिक्का पाहिला, परत दिले. "ठीक. पण आवाज खाली. ती बसलीय." आणि त्यांनी विळ्याच्या टोकाने दाखवलं. चार पावलांवर गवताच्या बुडाशी मातीच्याच रंगाची मादी बसली होती, एक डोळा आमच्याकडे. चार पावलं.

"काका," साहेब कुजबुजले, "गवत कापलंय इथे."

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. खरंच पहिल्यांदा पाहिलं असावं. कापलेली पट्टी, मध्ये विस्कटलेला खळगा, त्यात टरफलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला मामाच्या मोळीचा दिवस आठवला. "कोणी केलं हे?" ते गुडघ्यावर बसले. आता आम्ही सगळेच कुजबुजत होतो, त्या बसलेलीला त्रास नको म्हणून, आणि धुक्यात ते सगळं स्वप्नात चालल्यासारखं चाललं होतं.

"लिहून घ्या," बाबा म्हणाले. कागद माझ्या हातात आला. साहेबांनी दिला की मीच घेतला, आठवत नाही. "काप डावीकडून उजवीकडे पडलाय. म्हणजे माणूस डावखुरा. पाऊल जुन्या बुटाचं, टाच झिजलेली. एक पाय जरा ओढतो. वय झालेलं आहे. चोर नाही, गवत नेलेलं नाही. ओळ सरळ आहे, हात शिकलेला आहे. माहीतगार माणूस. घरचाच कुणीतरी." मग मान वर करून साहेबांना म्हणाले, "सापडेल, काळजी नको. आमची पोरगी ऐकते ऑफिसात. चिंगी. तिच्या कानातून काही सुटत नाही."

मला रडू आलं असं नुसतं म्हणून भागणार नाही. वर्षभर मला वाटत होतं की मी त्यांच्या डोक्यातून गेले. गेले नव्हते. तिथे होते, चांगली जागा अडवून, मानाने बसलेली. आणि नेमकी ती जागा मी चार दिवसांत नासवली होती.

"सुटलं नाही," मी म्हणाले. "तिने मंगळवारीच ऐकलं. पण लिहिलं नाही. वारा म्हणून सोडून दिलं."

बाबा चिडले. कुजबुजतच चिडले. "माझ्या पोरीवर आळ घेता बाई? तिला ओळखता तरी का?"

"बाबा, मीच ती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. धुकं खाली खाली जात होतं. ते किती वेळ पाहत होते ते सांगता येणार नाही. माझं तेवढ्यात लहान होऊन मोठं होऊन झालं.

"चिंगे?"

"हो, बाबा."

"ऐकलंस, मग लिहिलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात. घरी बोलत नाही. गाणं म्हणत होतात. मला अजून ऐकायचं होतं."

"कोण बोलत होतं?"

साहेब मध्ये पडले, "काका, जाऊ द्या आता, चला, घरी जाऊ, काकू वाट बघत असतील." पण बाबांना एकदा प्रश्न पडला की उत्तराशिवाय ते उठत नसत. "आवाज ओळखलास की नाही? नाव सांग."

"तुमचा होता, बाबा."

बाबांनी डाव्या हाताकडे पाहिलं. विळ्याला ओलं गवत चिकटलं होतं. मग बुटाकडे. मग जमिनीवरच्या पावलांकडे, जी सरळ येऊन त्यांच्याच पायाखाली संपत होती. त्यांनी विळा जमिनीवर ठेवला, आवाज होऊ न देता, त्या बसलेलीच्या बाजूला पाठ करून.

"लिही," ते म्हणाले. "दोन आरोपी."

"काका, अहो, या वयात..." साहेब म्हणाले.

"साहेब, वयासाठी वेगळा कागद आहे का?"

नव्हता. मी लिहिलं. ते मोठे म्हणून त्यांचं नाव वर, खाली माझं. अक्षर वाकडं आलं. बाबांनी कागद घेतला, लांब धरून वाचला, आणि शिडीकडे पेन मागितलं. रक्षकाच्या सहीची जागा खरं तर शिडीची. शिडीने त्या जागेवर बोट ठेवून दाखवलं. बाबांनी जुन्या सवयीने सही केली, आणि कागद माझ्याकडे परत दिला.

"तारीख राहिली, चिंगे."

मी आजची घालायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं. "आजची नाही. तू ऐकलंस त्या दिवसाची."

मी मंगळवारची तारीख घातली.